परमुलखात जेवायचं कुठं?

मंडळी, परगावी गेल्यावर रात्री झोपायचं कुठं, ही काळजी मला कधीच वाटली नाही. अगदीच वेळ आली तर यष्टी स्टँडचं बाकडं असतंच. खरा प्रश्न पडतो तो जेवायचं कुठं हा. त्यातून बरोबर सौ. असेल तर विचारूच नका. ती माळकरी आहे. मांस, मच्छी, अंडं तर नाहीच, पण ज्या तेलात मासा तळला त्या तेलातला बटाटाही चालत नाही. गेल्या पंचेचाळीस वर्षांत पंढरपूर, आळंदी, काशी सगळं झालं, पण जेवायला कुठं बसायचं हे ठरवताना माझी आजही परीक्षा असते.

खानावळ निवडायला मी शिकलो ते साताऱ्यात. १९७० साली मी बी.ए.साठी छत्रपती शिवाजी कॉलेजात दाखल झालो. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. आई रोज सकाळच्या गाडीनं डबा पाठवायची. फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या, कोरड्यास आणि चटणी. स्टँडवर आमच्यासारखी वीस-पंचवीस पोरं गाडीची वाट बघत असायची. गाडी चुकली की दुपार उपाशी. अशाच एका दुपारी आमच्या गाडीच्या कंडक्टरनं मला सांगितलं होतं, "गुरुजी व्हायचंय न्हवं तुला? मग हे पण शिकून ठेव. ज्या खानावळीत मालक सोता जेवतो, तिथं जेवावं. आणि जिथं इचारलेलं आवडत नाही, तिथनं उठावं."

यातला पहिला भाग मला लगेच पटला. दुसरा समजायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. ती गोष्ट सांगायलाच आज बसलोय.

२०२५ च्या जानेवारीत आम्ही दोघं चिरंजीवांकडे मेलबर्नला गेलो. चिरंजीव सांगलीच्या वालचंदमधून इंजिनियर झालेले, आता बारा वर्षं तिकडे आहेत. सूनबाई नोकरी करतात, नात शाळेत जाते. घर छान, माणसं छान. पण पंधरा दिवसांतच एक प्रसंग घडला आणि घरातली हवा बिघडली.

एका रविवारी सगळे समुद्रावर गेलो. दुपारी एका हॉटेलात बसलो. नातीनं हौसेनं आजीसाठी बटाट्याचे तळलेले तुकडे मागवले. सौ.नं पहिला घास घ्यायच्या आत मी वेटरला विचारलं, याच तेलात मासे तळता का? तो हो म्हणाला. सौ.नं ताट शांतपणे बाजूला सारलं आणि पिशवीतून दशमी-चटणीचा डबा काढला. तेवढ्यात तो वेटर आला आणि म्हणाला, बाहेरचं खाणं इथं चालणार नाही. आवाज चढा नव्हता, पण आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. चिरंजीवांचा चेहरा लाल झाला. गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "आई, लोक बघतात गं."

सौ. काही बोलली नाही. मात्र त्यानंतर दीड महिना ती जेवणवेळेला घराबाहेर पडली नाही. सगळे कुठं निघाले की हिचे गुडघे दुखायचे. सूनबाईंना वाटलं, सासूबाई आपल्यावर रुसल्या. चिरंजीवांना वाटलं, आई हट्टी आहे. मला मात्र सगळं कळत होतं आणि मी गप्प होतो. का गप्प होतो, ते पुढं सांगतो.

मार्चमधल्या एका बुधवारी मी तिला कसंबसं शहरात नेलं. मला तिथलं स्टेट लायब्ररीचं वाचनालय बघायचं होतं. १९१३ साली बांधून झालेला तो घुमट, खाली आठ बाजूंनी मांडलेली टेबलं, आणि आत जायला कुणी पैसे मागत नाही की तू कोण म्हणून विचारत नाही. जन्मभर फळा-खडू केलेल्या माणसाला याहून मोठं देऊळ कुठलं! चिरंजीवांचं ऑफिस जवळच. ते एक वाजता येऊन आम्हाला जेवायला नेणार होते. एक वाजता त्यांचा फोन आला : "आप्पा, मी मीटिंगमध्ये अडकलोय. अडीच होतील. तुम्ही जवळपास काहीतरी खाऊन घ्या."

काहीतरी खाऊन घ्या! सौ.ला साखरेचा त्रास आहे, तिला दोनपर्यंत उपाशी ठेवून चालत नाही. माझं इंग्रजी मराठी माध्यमाच्या बी.ए.चं. डोळ्यांपुढं पाट्यांचं जंगल. मी तिला लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसवलं आणि विचार करायला लागलो.

भारतीय हॉटेल शोधावं का? पण तिथं एकाच कढईची शंका आलीच. शिवाय पंजाबी भाजीतली साय आणि तेल तिला सोसत नाही. चिनी, जपानी हॉटेलांत माशाचा रस कशात असेल ते सांगता येत नाही. इटालियन चाललं असतं, पण तिला चीज आवडत नाही. तेवढ्यात आठवलं, लायब्ररीपासून दोन मिनिटांवर लॉन्सडेल स्ट्रीट आहे. चिरंजीवांनी गाडीतून जाताना दाखवली होती, "आप्पा, ही ग्रीकांची गल्ली."

मेलबर्न हे ग्रीसच्या बाहेर ग्रीक माणसांची मोठी वस्ती असलेलं शहर. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीसमध्ये यादवी आणि गरिबी, इकडे ऑस्ट्रेलियाला कामगार हवे होते. १९५२ साली दोन्ही सरकारांत करार झाला आणि बोटी भरभरून माणसं आली. कारखान्यांत राबली, दुकानं काढली. त्या गल्लीतली ग्रीक दुकानं आता पूर्वीपेक्षा बरीच कमी झालीत, पण काही टिकून आहेत. मी इतिहास शिकवलेला माणूस. ग्रीक म्हटलं की मला अलेक्झांडर आणि सॉक्रेटिस आठवतात. त्यांच्या घरात दुपारी काय शिजतं, हे काही मी चाळीस वर्षांत एकदाही शिकवलं नव्हतं.

आम्ही निघालो. पहिलं हॉटेल पांढऱ्या टेबलक्लॉथचं, आत दिवे मंद. तिथं विचारायलाच संकोच वाटला, पुढं गेलो. दुसऱ्यात दारातच उभ्या सळईवर मांसाचा मोठा गोळा फिरत होता. सौ.नं पदर नाकाला लावला. तिसरी जागा लहान होती. सात-आठ लाकडी टेबलं, भिंतीवर बोटीचा जुना फोटो. काउंटरजवळच्या टेबलावर काळे कपडे घातलेली एक म्हातारी परातभर घेवड्याच्या शेंगा निवडत बसली होती. तिच्यापुढंच एक अर्धी खाल्लेली बशी होती. मला साताऱ्याचा कंडक्टर आठवला. मालक स्वतः जेवतो तिथं जेवावं! आम्ही आत गेलो.

वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा आला. मी वर्गात उभं राहून पाठ म्हणावा तसे चार प्रश्न विचारले. यात मांस आहे का? मासा आहे का? अंडं आहे का? आणि तळता ते तेल एकच का? मुलगा जरा गडबडला आणि त्या म्हातारीकडं वळून त्यांच्या भाषेत काही बोलला. ती उठली, हात पुसत आली. आधी सौ.च्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं बघितलं, मग स्वतःच्या गळ्यातला क्रूस चिमटीत धरून दाखवला आणि विचारलं, "निस्तीया?"

मुलगा म्हणाला, "याया, म्हणजे माझी आजी, विचारतेय की यांचा उपास आहे का? सध्या तिचाही उपास चालू आहे."

ईस्टरच्या आधी या ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचा चाळीस दिवसांचा मोठा उपास असतो. मांस, अंडी, दूध, दही, चीज सगळं वर्ज्य. शिवाय एरवीही बुधवार-शुक्रवार आहेतच. सगळे धरले तर वर्षाचे जवळजवळ निम्मे दिवस होतात. त्यामुळं त्यांच्या स्वयंपाकात कडधान्यं, भाज्या आणि तेल यांचे कितीतरी पदार्थ शेकडो वर्षं मुरलेले आहेत. उपासाला चालणाऱ्या पदार्थाला ते 'निस्तीसिमो' म्हणतात. ग्रीक हॉटेलात हा एक शब्द विचारला की निम्मं काम होतं. निम्मंच म्हणतो, कारण कोळंबी आणि माकूळ त्यांना उपासाला चालतात! त्यांत रक्त नसतं, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडं बटाटा चालतो आणि वांगं चालत नाही, तसंच ते.

मी मुलाला सांगितलं, हिचा आज उपास नाही, हिनं हे सगळं जन्मभरासाठी सोडलंय. त्यानं आजीला सांगितलं. आजीनं डोळे मोठे केले आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"काय म्हणाली वो ती?" सौ.

"तुला नमस्कार केला," मी म्हटलं.

मग आजीनं कार्डाला हात न लावता स्वतःच जेवण ठरवलं. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घट्ट वरण आलं, वर कच्चा कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. त्याला ते 'फावा' म्हणतात. सौ.नं चाखलं आणि म्हणाली, "फोडणी द्यायची राहिलीया." मग टोमॅटोत शिजवलेला मोठ्या दाण्याचा पांढरा घेवडा. मग वांग्याचं भरीत, अगदी आपलंच, चुलीवर भाजल्याच्या वासाचं. एक गुलाबी रंगाची चटणी शेजारच्या टेबलावर दिसत होती, बीटाच्या कोशिंबिरीसारखी. मी बोट दाखवताच आजीनं जोरात मान हलवली. ती माशाच्या अंड्यांची निघाली. न विचारता घेतली असती तर!

आणि शेवटी आली बोटाएवढ्या हिरव्या गुंडाळ्यांची बशी. सौ.नं एक उलगडून बघितली आणि तिचा चेहराच बदलला. "अवो, ही तर द्राक्षाची पानं!"

तिचं माहेर तासगाव तालुक्यातलं. द्राक्षाचे मांडव, बेदाण्याची शेडं यांतच ती वाढली. एप्रिलात खरड छाटणी झाली की ट्रॉली भरभरून पानं निघतात, ती शेरडं खातात नाहीतर बांधावर वाळून जातात. आणि इथं त्याच पानांत भात, कांदा, बडीशेपेसारख्या वासाचा पाला आणि लिंबू घालून, वळ्या करून शिजवलेल्या. 'दोल्मादेस' त्याचं नाव. यात खिमा घालायचीही रीत आहे, त्यामुळं विचारावंच लागतं. बिनमांसाच्या प्रकाराला ते 'यालांजी' म्हणतात, म्हणजे खोटा, फसवा! सौ. म्हणाली, "खोटा कशाला? हाच खरा."

इथवर सगळं सुरळीत होतं. मग सौ.नं पिशवीत हात घातला आणि डबा बाहेर काढला.

खरं सांगतो, माझ्या पोटात गोळा आला. डबा आणलाय हे मला माहीतच नव्हतं. समुद्राकाठचं ते हॉटेल डोळ्यांपुढं आलं. आणि त्याच्याही मागं, साताऱ्यातलं एक हॉटेल. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मित्रांबरोबर मिसळ खायला गेलो होतो. पावाला पैसे नव्हते म्हणून मी आईची भाकरी फडक्यातून काढली. मालक गल्ल्यावरून ओरडला, "ए, ही काय धर्मशाळा वाटली काय?" सगळे हसले. मित्रही. मी भाकरी टेबलाखाली धरली, आणि बाहेर पडल्यावर आईची ती भाकरी मी गटारीत टाकली. पुढं शिक्षक झाल्यावर मी दरवर्षी वर्गात सांगायचो की, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, १९२७ साली गांधीजी ते बघायला आले. पोरं वहीत लिहून घ्यायची. गटारीतल्या भाकरीचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. म्हणूनच चिरंजीव लाल झाले तेव्हा मी गप्प बसलो. त्यांना काय तोंडानं बोलणार होतो?

तर, डबा उघडला गेला. मी माफी मागायला अर्धवट उठलो. आजी आमच्याकडंच बघत होती. सौ.नं मात्र डबा तिच्यापुढं केला, "घ्या की." आजीनं दशमीचा तुकडा मोडला, वास घेतला आणि माझ्याकडं बघून नातवाकरवी विचारलं, "यात दूध आहे का?"

दशमी दुधात भिजवलेली. आता उत्तर द्यायची पाळी माझी होती. मी म्हटलं, आहे.

आजीनं तुकडा परत डब्यात ठेवला. हसून मान हलवली, बोटानं वर आकाशाकडं दाखवलं. मला वाटलं, सौ.ला वाईट वाटेल. पण ती एकदम खुलली. "बरोबर हाय की! उपास मोडू नये. चटणी घ्या, चटणीत काय न्हाई." तिळाची चटणी होती. आजीनं आपल्या पावाचा तुकडा त्यात बुडवून खाल्ला आणि नातवाला काहीतरी सांगितलं. "ती म्हणतेय, तीळ आमच्याकडंही उपासाला लागतात," तो म्हणाला.

मंडळी, मी पुष्कळ पंगती बघितल्या. आग्रह बघितले, रुसवे बघितले. पण दोन बाया एकमेकींचं अन्न नको म्हणताहेत आणि दोघींनाही त्याचा आनंद होतोय, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. जिथं विचारलेलं आवडत नाही तिथनं उठावं, असं तो कंडक्टर म्हणाला होता. विचारलेलं आवडतं ती जागा कशी असते, ते मी तिथं बघितलं.

अडीचला चिरंजीव धावत आले. दारातनंच त्यांना टेबलावरचा डबा दिसला आणि सवयीनं चेहरा लाल व्हायला लागला. तो मुलगा त्यांना म्हणाला, "काळजी करू नका. आमच्या आजीनंच परवानगी दिलीय." मग सहज बोलता बोलता त्यानं सांगितलं, माझे वडील शाळेत असताना आजीनं दिलेला डबा वाटेत टाकून द्यायचे. बाकीची पोरं नाक दाबायची म्हणून. आणि आता तेच पदार्थ ते इथं विकतात.

हे तिथल्या पुष्कळ ग्रीक घरांत घडलं असणार. पूर्वी ऑस्ट्रेलियाच्या गावागावांत ग्रीकांची हॉटेलं होती, पण त्यांत मिळायचं काय, तर इंग्रजी धाटणीचं मांस, अंडी आणि तळलेला मासा. गिऱ्हाइकाला ग्रीक जेवण नको होतं. स्वतःचं वरण आणि भरीत ते मागच्या खोलीत बसून खायचे. ते पुढच्या टेबलावर यायला फार वर्षं जावी लागली.

चिरंजीव काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले, डब्यातली दशमी घेतली आणि फाव्याबरोबर खाल्ली. दुसरीही घेतली.

परतीच्या ट्रेनमध्ये सौ.चा डोळा लागला. मी चिरंजीवांना साताऱ्यातल्या भाकरीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "आप्पा, हे कधी सांगितलं नाहीत."

"त्या रविवारीच सांगायला हवं होतं," मी म्हटलं, "पण लाज वाटली."

त्या रात्री ते आईच्या खोलीत जाऊन बसले होते. काय बोलले ते मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी सगळे बाहेर निघालो तेव्हा सौ.चे गुडघे दुखले नाहीत, एवढं खरं.

एप्रिलअखेर आम्ही सांगलीला परतलो तेव्हा मेहुण्याच्या मळ्यात खरड छाटणी चालली होती. मळ्यातल्या पानांवर औषधं फवारलेली असतात, ती खायची नाहीत, हे सूनबाईंनी निघतानाच दहादा बजावलं होतं. पण मेहुण्याच्या परसात एक जुना वेल आहे, त्याला कुणी कधी फवारा दाखवला नाही. त्याची कोवळी पानं सौ.नं आणली, उकळत्या पाण्यातून काढली आणि आत भाताऐवजी बेसन, चिंच-गूळ लावून अळूसारख्या वड्या केल्या. जरा आंबट झाल्या, थोड्या चिवटही. मेहुणा म्हणाला, "शेरडांचं खाणं पाव्हण्यांना घालतीस व्हय गं?" आणि सहा वड्या खाल्ल्या.

असो. तुमच्यापैकी कुणी पोराबाळांकडं परदेशी निघाला असाल आणि घरातलं कुणी शाकाहारी असेल, तर ग्रीक हॉटेल बघा. फार झगमगीत नको, घरची माणसं राबतात असं बघा. चार प्रश्न न लाजता विचारा. आणि डबा नेलात तर आधी परवानगी घ्या, पण तो टेबलाखाली लपवू नका.